उंची मोजणारा नियम आणि घरात लागणारी आग

आपल्याकडे घरांच्या अग्निसुरक्षेचा विचार इमारतीच्या उंचीपासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा उंचीपाशीच संपतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानतो. ही रेषा ओलांडली की रायझर (आगीसाठीचे पाणी वर नेणारा उभा पाइप), पंप, होज रील (गुंडाळून ठेवलेली नळी), राखीव टाक्या, फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) हे सारे ओघाने येते. रेषेच्या आत राहिले की अपेक्षा झपाट्याने पातळ होत जातात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या कडेला उभ्या राहिलेल्या दोन-तीन मजली रो-हाऊसमध्ये झोपलेल्या कुटुंबाला धूर झाल्याचे कळावे म्हणून छताला एक साधा स्मोक अलार्म लावण्याचीही सक्ती नाही. माझे म्हणणे असे आहे की ही सक्ती असली पाहिजे, नव्या रो-हाऊसमध्ये लहान प्रमाणावरचे स्प्रिंकलरही (आगीच्या उष्णतेने आपोआप उघडणारे पाण्याचे फवारे) असले पाहिजेत, आणि या दोन्ही गोष्टींची आखणी उंच इमारतींच्या यंत्रणेची छोटी नक्कल म्हणून न करता घरात राहणाऱ्या माणसांच्या सवयी पाहून केली पाहिजे.

उंचीच्या रेषेमागे कारण आहे. अग्निशमन दलाची शिडी आणि नळी एका मर्यादेपलीकडे पोचत नाही, म्हणून त्यापुढे इमारतीने स्वतःची व्यवस्था ठेवावी, हा तर्क रास्त आहे. परंतु उंचीवरून कळते ते बाहेरून सुटका करणे किती अवघड जाईल एवढेच. आग कुठे लागेल, धूर कोणत्या वाटेने जाईल आणि झोपेतल्या माणसाला ते केव्हा कळेल, हे प्रश्न तीन मजल्यांना आणि तीस मजल्यांना सारखेच लागू असतात. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगाव पश्चिमेला जय भवानी या पुनर्वसन योजनेतील इमारतीत पहाटे आग लागली ती तळाशी, उभ्या केलेल्या गाड्या आणि साठवलेल्या सामानात. वर झोपलेल्यांपर्यंत पोचला तो धूर, आणि किमान सात माणसे गेली. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर, तर जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवच्या कमला इमारतीत अठराव्या मजल्यावर आग लागली. या घटनांनंतर झालेली चर्चा बहुतांशी पंप चालू होते की बंद, दाखले होते की नव्हते, याभोवती फिरत राहिली. ती आवश्यकच होती. मात्र घराच्या आत पहिली सूचना कोणी द्यायची, हा प्रश्न त्यात बाजूला पडला.

त्या पहिल्या काही मिनिटांचे महत्त्व गेल्या दोन पिढ्यांत वाढले आहे, कारण घरातले सामान बदलले आहे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन बैठकीच्या खोल्या शेजारी उभ्या करून पेटवल्या होत्या. जुन्या पद्धतीच्या, लाकूड आणि कापसाच्या सामानाच्या खोलीत सगळीकडे एकदम भडका उडायला जवळजवळ अर्धा तास लागला. फोमचा सोफा, कृत्रिम धाग्याचे पडदे आणि प्लॅस्टिक असलेल्या खोलीत ते चार मिनिटांच्या आत घडले. आपल्या घरांतून लाकडी पलंग आणि कापसाच्या गाद्या जाऊन प्लायचे वॉर्डरोब, फोमच्या गाद्या आणि सनमायक्याचे मॉड्युलर किचन आले, तेव्हा आपणही मुकाट्याने दुसऱ्या खोलीत राहायला गेलो. चार मिनिटांत कोणत्याही शहराचे अग्निशमन दल दारात येऊ शकत नाही, आणि यात दलाचा दोष नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. घरगुती स्प्रिंकलरची सक्ती ज्या अमेरिकेत सुरू झाली तिथली घरे लाकडी सांगाड्याची असतात, एका घराची आग छपरातून शेजारच्या घरात शिरते. आपल्याकडे आरसीसीचा सांगाडा, वर स्लॅब आणि दोन घरांमध्ये नऊ इंची विटेची भिंत असते, मग तोच खर्च आपण का करायचा? शेजाऱ्यापुरता हा आक्षेप खरा आहे. आपल्या रो-हाऊसच्या ओळीतून आग पसरत जाणे अवघड आहे, आणि म्हणूनच मी अमेरिकी नियम जसेच्या तसे उचलावेत असे म्हणत नाही. मात्र नऊ इंची भिंत शेजाऱ्याला वाचवते, ज्याच्या घरात आग लागली त्याला ती वाचवत नाही. उलट विटा आणि काँक्रीटचे घर बंद असेल तर उष्णता आणि धूर आतच कोंडून ठेवते.

रो-हाऊसची रचना पाहिली तर धोका कुठे आहे ते लगेच दिसते. तळमजल्यावर पुढे गाडीची जागा, तिथेच इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जिंग पॉइंट आणि वर मीटरचा बोर्ड. आत हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर, आणि हॉलच्याच कोपऱ्यातून वर जाणारा उघडा जिना. बाहेर पडायचा दरवाजा एकच, तोही हॉलमधून. झोपायच्या खोल्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, उन्हाळ्यात एसी लावून दारे बंद केलेल्या, खिडक्यांना लोखंडी ग्रिल. हॉलमध्ये आग लागली तर तो जिना धुराड्याचे काम करतो आणि खाली उतरायची वाट सर्वांत आधी बंद होते. उरते ती गच्ची. रो-हाऊसची गच्ची शेजारच्या गच्चीला लागून असते, कठडा ओलांडला की माणूस सुटतो, आणि ही सोय बंगल्याला किंवा टॉवरला नाही. तरीही गच्चीच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली खाली हॉलमधल्या खुंटीवर असते.

अशा घरातला अलार्म एकमेकांशी जोडलेला असायला हवा. बाजारात मिळणारा सुटा स्मोक अलार्म तीन मीटरवर साधारण ८५ डेसिबल आवाज करतो, पण तळमजल्यावर वाजलेला आवाज दोन जिने आणि एसी चालू असलेल्या खोलीचे बंद दार ओलांडून उशीपाशी पोचेपर्यंत झोपमोड करण्याइतका उरेलच असे नाही. आणि त्या खोलीत बऱ्याचदा ऐकू कमी येणारे आजी-आजोबा असतात. म्हणून प्रत्येक मजल्याच्या जिन्यापाशी एक, प्रत्येक शयनगृहात एक, आणि कोणताही एक वाजला की सगळे वाजतील अशी वायर किंवा वायरलेस जोडणी, एवढी व्यवस्था किमान धरली पाहिजे. घर बांधताना हे काम इलेक्ट्रिशियनच्या दृष्टीने डोअरबेलच्या वायरिंगहून फारसे मोठे नाही. नंतर करायचे तर भिंती फोडाव्या लागतात किंवा बॅटरीवर चालणारी वायरलेस यंत्रे घ्यावी लागतात.

जागा निवडताना मात्र आपले घर डोळ्यांपुढे ठेवावे लागते. परदेशी माहितीपुस्तिकेत स्वयंपाकघराला एक ओळ मिळते. आपल्याकडे लाल मिरचीची फोडणी, पापड भाजणे आणि संध्याकाळचा धूप या तिन्हींनी स्मोक अलार्म वाजतो, आणि तो महिन्यात चारदा विनाकारण वाजला की घरातलाच कोणीतरी खुर्चीवर चढून बॅटरी काढून ठेवतो. असा काढून ठेवलेला अलार्म पुन्हा बसत नाही. त्यामुळे स्वयंपाकघरात धूर ओळखणाऱ्या यंत्राऐवजी उष्णता ओळखणारे, साधारण साठ अंशांच्या आसपास वाजणारे यंत्र लावावे. देवघर हॉलमध्ये असेल तर धुराचे यंत्र त्याच्या थेट वर न लावता जिन्याच्या तोंडाशी न्यावे. आणि प्रकाशाच्या विखुरण्यावरून धूर ओळखणारा प्रकार घ्यावा, कारण गादी किंवा सोफा धुमसतो तेव्हाचा दाट धूर तो लवकर पकडतो आणि स्वयंपाकाच्या वाफांना तुलनेने कमी फसतो. गॅसगळतीच्या सूचक यंत्राबद्दलही असाच घोळ दिसतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचे यंत्र खाली हवे. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो छताशी जातो, म्हणून त्याचे यंत्र वर हवे. सिलिंडर जाऊन पाइप आलेल्या कित्येक घरांत हे यंत्र अजून ओट्याखालीच आहे.

आता स्प्रिंकलर. यांच्याविषयी सर्वांत पक्का गैरसमज असा की एक उघडला की घरातले सगळे उघडतात आणि फर्निचरचे वाटोळे होते. प्रत्यक्षात फवाऱ्याच्या प्रत्येक तोंडाला स्वतःची काचेची कुपी असते, तिच्यातला द्रव ठराविक तापमानाला फुगून कुपी फोडतो आणि फक्त तेच तोंड उघडते. सिगारेटच्या किंवा फोडणीच्या धुराने ते उघडत नाही, कारण त्याला धूर कळतच नाही, फक्त उष्णता कळते. लाल कुपी ६८ अंशांना फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. सर्रास लाल कुपी लावली जाते, आणि मुंबई-कोकणात ती चालतेही. पण कुपीचे तापमान त्या जागेच्या कमाल तापमानाच्या निदान तीस अंश वर असावे हा सर्वमान्य संकेत लावला तर लाल कुपीची मर्यादा ३८ अंशांपाशी येते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना चंद्रपूर किंवा नागपूरमधल्या वरच्या मजल्याच्या तापलेल्या स्लॅबखाली हवा किती तापते ते तिथल्या कोणालाही विचारावे. तिथे पिवळी किंवा हिरवी कुपीच योग्य, आणि राज्याच्या नियमात असा प्रादेशिक फरक लिहिलेला असला पाहिजे. पंख्याचेही असेच. आपल्या खोलीच्या बरोबर मध्यभागी पंखा असतो आणि आराखड्यात तोंडही नेमके मध्यभागी दाखवले जाते. मग फवारा पात्यांवर आपटून मोडतो. तोंड पंख्यापासून बाजूला घ्यावे किंवा भिंतीलगतचे आडव्या फवाऱ्याचे वापरावे लागते.

पाण्याचा हिशोब लोकांना वाटतो तितका भीतिदायक नाही. एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी आणि टाउनहाउससाठी (तिथल्या रो-हाऊससाठी) अमेरिकेत १९७५ पासून १३-डी हे वेगळे मानक आहे. घर वाचवणे हा त्याचा उद्देश नाही; माणसांना बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळावा, एवढाच आहे. त्यात दोन तोंडे उघडतील असे धरून दहा मिनिटांचे पाणी मोजतात. घरगुती प्रकारचे एक तोंड साधारण अर्धा बार दाबाला मिनिटाला पन्नास लिटरच्या आसपास पाणी देते. दोन तोंडांचे शंभर लिटर, दहा मिनिटांचे हजार लिटर. म्हणजे जवळजवळ प्रत्येक रो-हाऊसच्या गच्चीवर असते तेवढीच काळी टाकी.

अडचण दाबाची आहे. अर्धा बार म्हणजे पाच मीटर उंचीचे पाणी. तळमजल्याच्या छतापासून टाकी आठ-नऊ मीटर वर असते, तिथे पुरेसा जाड पाइप टाकला तर केवळ गुरुत्वाकर्षणाने काम भागते. सर्वांत वरच्या मजल्याचे छत मात्र टाकीच्या बुडापासून जेमतेम अडीच-तीन मीटर खाली असते, आणि झोपायच्या खोल्या तिथेच असतात. बहुतेक सल्लागार इथे पंप सुचवतात. मला तो उपाय घरगुती पातळीवर पसंत नाही, कारण आग शॉर्टसर्किटची असेल तर वीज आधीच गेलेली असते, आणि जो पंप वर्षभर चालवला नाही तो नेमक्या त्या रात्री अडकलेला सापडतो. पंप घ्यावाच लागला तर त्याला मीटरपासून स्वतंत्र, आगीत टिकणारी वायर हवी. त्यापेक्षा मूळ आराखड्यातच टाकीचा चौथरा आणखी तीन मीटर उंच घेणे बरे. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, वर वाऱ्याचा आणि भूकंपाचा भार; स्ट्रक्चरल इंजिनिअरने त्याचा विचार करावा लागतो, पण तो एकदाच करावा लागतो.

पंपाविषयीचा हा अविश्वास सोसायट्यांकडे पाहून आलेला आहे. कोणत्याही दहा-पंधरा वर्षे जुन्या सोसायटीच्या पंपघरात डोकावले तर पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर किंवा ‘ऑफ’वर फिरवलेला दिसण्याची शक्यता बरीच असते. कारणही ठरलेले असते: कुठल्यातरी मजल्यावर व्हॉल्व्ह गळत होता, त्यामुळे दाब कमी होऊन जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) दर काही मिनिटांनी सुरू व्हायचा, वीजबिल वाढले आणि तळमजल्यावरच्या सभासदांनी आवाजाची तक्रार केली. जिन्यातल्या पेटीत नळी असते, तिचे पितळी तोंड चोरीला गेलेले असते. वॉचमनच्या केबिनमधला अलार्मचा पॅनेल ‘फॉल्ट’ दाखवत असतो आणि बझरच्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालक किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे प्रचलित भाषेतला फॉर्म बी, दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करायचा असतो. ही तरतूद चांगली आहे. तिचा दुबळेपणा असा की प्रमाणपत्र देणाऱ्याला पैसे देणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो एकच असतो. शिवाय दोन प्रमाणपत्रांच्या मध्ये सहा महिने असतात, आणि गळका व्हॉल्व्ह त्यातल्या कोणत्याही आठवड्यात बंद होऊ शकतो.

म्हणून घरगुती आखणीत मी ज्या गोष्टीला सर्वाधिक किंमत देईन ती म्हणजे बिघाड आपोआप लक्षात येणे. १३-डी मानकात स्प्रिंकलरचे पाणी घरातल्या थंड पाण्याच्या पाइपातूनच नेण्याची मुभा आहे: टाकीतून निघालेला पाइप आधी स्प्रिंकलरच्या तोंडांवरून फिरतो आणि मग बाथरूमच्या नळाकडे जातो. कोणी व्हॉल्व्ह बंद केला तर सकाळी अंघोळीला पाणी येत नाही आणि पाच मिनिटांत आरडाओरडा होतो. कोणत्याही फॉर्मपेक्षा ही तपासणी कडक आहे.

आपल्याकडे या कल्पनेत एक अडथळा आहे आणि तो पाण्याच्या टंचाईचा आहे. लातूर, बीड, मनमाड अशा ठिकाणी पाणी आठवड्याच्या अंतराने येते. पुण्याच्या उपनगरांतही मार्चपासून टँकर सुरू होतात. अशा घरात टाकी रिकामी असण्याचे दिवस वर्षात थोडेथोडके नसतात. तांत्रिक उत्तर सोपे आहे: घरातल्या वापराचा पाइप टाकीच्या बुडाच्या वर एका ठरावीक उंचीवरून काढायचा आणि स्प्रिंकलरचा बुडातून, म्हणजे नळ कोरडे पडले तरी खालचे पाणी शिल्लक राहते. पण मग दोन पाइप वेगळे होतात, बंद व्हॉल्व्ह कोणाला कळत नाही, आणि तळाचे पाणी साचून राहते. त्याहून मोठी गोष्ट अशी की मे महिन्यात घरात पिण्याला पाणी नसताना डोक्यावर हजार लिटर राखून ठेवलेले असेल, तर ते काढून घेणाऱ्या माणसाला मी दोष देऊ शकणार नाही. म्हणून जिथे नळाला रोज पाणी येते तिथे एकत्र पाइप सक्तीचा करावा आणि जिथे येत नाही तिथे स्प्रिंकलरची सक्ती करू नये, तिथे सगळा भर अलार्मवर द्यावा, असे माझे मत आहे. कागदावर सर्वत्र सारखा असलेला नियम अशा गावांत फक्त दाखल्यापुरता पाळला जाईल.

बहुमजली इमारतीतल्या घरांनाही अलार्मचा हाच विचार लागू पडतो, फक्त एक काळजी घेऊन. एका घरातल्या फोडणीने साऱ्या इमारतीचा भोंगा वाजू लागला तर वॉचमन आवाज बंद करायला शिकतो, आणि मग खऱ्या आगीलाही तेच करतो. घरातला अलार्म त्या घरापुरता वाजावा. मजल्याच्या लॉबीतल्या किंवा मीटर रूममधल्या यंत्राने धूर ओळखला तरच साऱ्या इमारतीला सूचना जावी.

सक्ती आणण्याची जागा उपलब्ध आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, उंचीची अट न घालता, प्रत्येक नव्या निवासी घरात जोडलेले अलार्म असल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळणार नाही एवढी तरतूद पहिल्या टप्प्यात पुरे. स्प्रिंकलर दुसऱ्या टप्प्यात, नव्या रो-हाऊस प्रकल्पांना, वर सांगितलेल्या पाण्याच्या अटीसह. वेल्सने जानेवारी २०१६ पासून सर्व नव्या घरांत स्प्रिंकलर सक्तीचे केले. अमेरिकेत २००९ च्या नमुना निवासी संहितेने टाउनहाउससह सर्व नव्या घरांत ते अपेक्षित धरले. कॅलिफोर्निया आणि मेरीलँडने ते स्वीकारले, तर अनेक राज्यांनी घरबांधणी व्यावसायिकांच्या दबावाखाली स्थानिक सक्तीवरच बंदी घातली. आपल्याकडेही घराची किंमत वाढेल असे सांगितले जाईल. किंमत वाढेलच, पण ज्या प्रकल्पात प्रवेशद्वाराची कमान आणि क्लबहाउसचा कारंजा परवडतो तिथे हजार लिटरची टाकी तीन मीटर उचलणे परवडत नाही, हे ऐकून घ्यायला मी तयार नाही.

जुन्या घरांना स्प्रिंकलर लावायला सांगणे अवास्तव आहे. तिथे बॅटरीचे अलार्म, गच्चीच्या दाराला किल्लीशिवाय आतून उघडणारी कडी आणि निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप एवढे मागावे. अलार्मच्या पाठीमागे बनवल्याची तारीख छापलेली असते आणि दहा वर्षांनी तो बदलावा लागतो. ही तारीख घराच्या विक्रीकरारात आणि भाडेकरारात नोंदवण्याची अट घातली तर भाडेकरूलाही घरमालकाकडे नवा अलार्म मागण्याचा आधार मिळेल.